चढावर नेण्याआधी थांबायला शिकवा : ऑफ-रोड सहलींच्या आयोजकांना खुले पत्र

ऑफ-रोड सहली भरवणाऱ्या आयोजकांना आणि वाट दाखवणाऱ्या मार्गदर्शकांना,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या हंगामापासून सहलीच्या आदल्या दिवशीचा सराव ऐच्छिक करायचा तुमचा निर्णय वाचला. पत्रकाच्या अगदी वर ठळक अक्षरांत लिहिले आहे, "गाडी फोर बाय फोर हवी, अनुभव नसला तरी चालेल." (फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी.) अर्ध्या दिवसाच्या सरावाऐवजी आता निघण्यापूर्वी 15 मिनिटे सूचना दिल्या जातील. एका मार्गदर्शकामागे आजवर 5 गाड्या असत, त्या 12 होतील. लोकांना वेळ नसतो आणि हल्लीच्या गाड्या बरेचसे काम स्वतःच करतात, अशी कारणे तुम्ही दिली आहेत.

खडबडीत वाटांवर गाडी चालवायला लागून मला सोळा वर्षे झाली. त्यातली नऊ वर्षे मी तुमच्यासारख्यांच्याच सहलींत स्पॉटर म्हणून उभी राहिले आहे. दगडांमधून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हाताने डावे-उजवे दाखवायचे, थांब म्हणायचे, पुन्हा मागे घ्यायला लावायचे, हे माझे काम. माझे म्हणणे मी तुम्हाला आधी खासगीत दोनदा कळवले. "बघू" यापलीकडे उत्तर आले नाही. ज्यांनी ते पत्रक वाचून उत्साहाने नाव नोंदवले असेल त्यांनाही हे कळायला हवे, म्हणून आता सर्वांसमोर लिहिते आहे.

आधी माझा यात काय संबंध आहे ते सांगते.

सात वर्षांपूर्वी अशाच एका सहलीत माझी गाडी पाणथळ जागेत रुतली. पुढची चाके निम्म्याहून जास्त खाली गेली होती आणि गाडीचा तळ चिखलाला टेकला होता. गाडीत मी आणि शेजारच्या सीटवर माझा धाकटा भाऊ. समोर कोरड्या जागेत सहलीतलीच एक गाडी आमच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि एक मदतनीस पट्टा घेऊन धावत आला. एक टोक त्याने माझ्या पुढच्या हुकात अडकवले. दुसरे त्या गाडीच्या टो-बॉलवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्यावर टाकले. टो-बॉलवरून गाडी ओढायची नसते हे मला माहीत होते. पण बॉनेटच्या पलीकडचे ते टोक मला दिसत नव्हते आणि मी उतरून पाहिले नाही. ही चूक माझी, आणि ती मी कधी नाकारलेली नाही.

पहिल्या झटक्याला गाडी हलली नाही. "अजून थोडी रेस दे," असे कोणीतरी ओरडले. समोरची गाडी मागे आली, पट्टा सैल पडला, आणि ती पहिल्यापेक्षा जास्त वेगात निघाली. मग टाळी वाजावी तेवढाच एक आवाज झाला. गोळ्याचा दांडा मुळाशी तुटला होता. ताणलेल्या पट्ट्याने तो गोळा माझ्या गाडीकडे भिरकावला. समोरची काच फोडून, भावाचा डावा खांदा चाटून तो मागच्या दाराच्या पत्र्यावर आदळला आणि तिथेच पडला. नंतर मी तो उचलून पाहिला. मुठीएवढाच होता, पण दांड्यासकट किलोभराहून जड, आणि तुटलेल्या जागी खडीसाखरेसारखा चमकत होता.

भावाच्या खांद्यावर तीन शस्त्रक्रिया झाल्या. त्याचा डावा हात आजही खांद्याच्या वर जात नाही. टी-शर्ट घालताना तो उजव्या हाताने डावा हात धरून आधी बाहीत सरकवतो आणि मग मान खाली घालून डोके आत घेतो. तो गोळा चार बोटे आत आला असता तर हे पत्र मी लिहीत बसले नसते, वेगळ्या ठिकाणी गेले असते.

त्या मदतनीसावर माझा राग नाही. त्याला कोणी शिकवलेच नव्हते. त्या सहलीत सराव नव्हता, सामानाची तपासणी नव्हती आणि गाडी ओढताना हुकूम द्यायला एक ठरलेला माणूस नव्हता. त्या अपघातानंतर आपण काही जणांनी आग्रह धरला म्हणून सरावाचा अर्धा दिवस सक्तीचा झाला. तोच तुम्ही आता काढून टाकत आहात.

आता मुद्द्यांकडे येते. सगळ्यांत मोठा मुद्दा सरावाचा, म्हणून तो आधी.

त्या अर्ध्या दिवसात आपण काय शिकवत होतो ते आठवून पाहा. दगड दोन चाकांच्या मधून न्यायचा नाही, चाक त्याच्यावर चढवायचे, म्हणजे तळाला धोका राहत नाही, हे शिकवत होतो. स्टिअरिंगवर अंगठे आत अडकवून धरायचे नाहीत, हेही. चाक दगडावर आपटले की स्टिअरिंग उलटे फिरते आणि अंगठा पिरगळला जातो. पॉवर स्टिअरिंगमुळे हा झटका बराच कमी झाला आहे, पण सवय लागलेली बरी. चाकांतली हवा कमी करायला शिकवत होतो. 35 पीएसआयचा टायर 18 वर आणला की तो जमिनीवर लांबट पसरतो, वाळूत कमी रुततो आणि दगडाला धरून राहतो. त्याच टायरवर तीव्र वळण घेतले तर तो रिमवरून निसटू शकतो, आणि तसाच डांबरी रस्त्यावर वेगात पळवला तर त्याच्या बाजू तापून फाटतात. म्हणून हवा काढायच्या आधी ती परत भरायचा पंप गाडीत आहे ना, ते पाहायचे. या गोष्टी सांगायला 15 मिनिटे पुरतीलही. पण पहिल्यांदा हवा काढणारा माणूस व्हॉल्व्हमधला "फुस्स" आवाज ऐकून पाच सेकंदांत हात मागे घेतो. 35 वरून 18 वर यायला किती वेळ लागतो हे त्याला स्वतःच्या हाताने कळावे लागते.

आणि अर्धवट राहिलेला चढ तर 15 मिनिटांत शिकवताच येत नाही. मला सर्वांत जास्त काळजी याची वाटते.

गाडी चढाच्या मध्यावर येते, चाके जागच्या जागी फिरू लागतात आणि इंजिन बंद पडते. समोर काचेतून फक्त आकाश दिसत असते. नवा माणूस अशा वेळी दोनपैकी एक गोष्ट करतो. एक म्हणजे घाबरून क्लच दाबतो. क्लच दाबला की इंजिनाने धरलेली गाडी मोकळी होते आणि मागे धावू लागते, मग ब्रेक दाबला तरी चाके अडकून गाडी घसरतच जाते. दुसरे म्हणजे गाडी वळवून तोंड उताराकडे करू पाहतो. हे त्याहून वाईट. उतारावर आडवी झालेली गाडी कोलांटी खायला टपलेलीच असते.

खरी रीत अशी आहे. पायाचा ब्रेक घट्ट दाबा, हँडब्रेक ओढा, क्लच दाबून लो रेंजमध्ये, म्हणजे कमी वेगाच्या पण जास्त जोराच्या गिअरमध्ये, रिव्हर्स टाका आणि क्लच सोडून द्या. आता गाडी गिअरने धरली आहे. चाके सरळ आहेत का ते पाहा, आरशात मागची वाट पाहा. मग पायाचा ब्रेक दाबलेला ठेवून हँडब्रेक सोडा आणि क्लच न दाबता इंजिन चालू करून, पायाचा ब्रेक हळूहळू सोडत गाडी आली त्याच रेषेत सरळ खाली उतरवा. क्लच दाबल्याशिवाय ज्या गाडीचे इंजिन चालूच होत नाही किंवा जी ऑटोमॅटिक आहे, तिची रीत थोडी वेगळी असते. म्हणून ज्याने त्याने हे स्वतःच्याच गाडीत करून पाहायला हवे.

हे वाचायला एक मिनिट लागले असेल. चढावर हे पायांना आठवावे लागते, डोक्याला नाही. म्हणून आपण सरावाच्या मैदानातल्या त्या छोट्या, बिनधोक चढावर प्रत्येकाला मुद्दाम मध्येच इंजिन बंद करायला लावत होतो. तीनदा. पहिल्या वेळी बहुतेकांचा पाय थरथरे. तिसऱ्या वेळी ते शांतपणे मागे येत आणि "एवढंच का?" असे विचारत. ते थरथरणे छोट्या चढावर व्हायला हवे. तुमच्या नव्या रचनेत ते डोंगराच्या कडेवर होणार आहे, आणि तेही अकरा गाड्या मागे ताटकळत असताना.

गाड्याच बरेचसे काम करतात, असे तुम्ही म्हणता. यात तथ्य आहे. 1997 साली लँड रोव्हरच्या फ्रीलँडरने उतारावर आपोआप ब्रेक सांभाळणारी यंत्रणा आणली. आता तशी सोय कितीतरी गाड्यांत असते. अधांतरी फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे पाठवणारी यंत्रणा हे खरोखर वरदान आहे, कारण साधा डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणारा गिअरसंच, मोकळ्या चाकालाच फिरवत बसतो आणि जमिनीला धरून असलेले चाक ढिम्म राहते. पण ही सगळी यंत्रणा टायर आणि जमीन यांच्यात जेवढी पकड आहे तेवढीच वाटून देऊ शकते, नसलेली पकड आणू शकत नाही. सुट्या खडीच्या उतारावर चाक घसरू लागले की संगणकही घसरणाऱ्या चाकालाच ब्रेक लावत राहतो. खोल वाळूत चाकांची घसरण रोखणारे ट्रॅक्शन कंट्रोल नको तेव्हा इंजिनाचा जोर तोडते आणि गाडी जागीच बसते, म्हणून अनेक गाड्यांत ते बंद करावे लागते. कोणते बटण कधी चालू ठेवायचे आणि कधी बंद करायचे, हे चालकालाच ठरवावे लागते. बटणे वाढली तसे शिकायचेही वाढले आहे. तुम्ही मात्र शिकवणे कमी केलेत.

आडव्या उताराचा हिशेबही कोणतीही यंत्रणा चालकाच्या वतीने करत नाही. ज्या गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर आहे, तिचे खालच्या बाजूचे चाक 25 सेंटिमीटरच्या खड्ड्यात गेले की झुकाव एकदम 9 ते 10 अंशांनी वाढतो. स्प्रिंग दबते ती वेगळीच. त्यात टपावर जास्तीचे टायर, पाण्याचे कॅन आणि तंबू लादलेले असले की गाडीचा गुरुत्वमध्य आधीच वर गेलेला असतो. खडबडीत वाटेवर टपावर किती वजन चालते हा आकडा अनेक कंपन्या रस्त्यावरच्या आकड्यापेक्षा कमी देतात आणि तो गाडीच्या पुस्तिकेतच छापलेला असतो. तुमच्या मागच्या सहलीतल्या किती जणांनी ती पुस्तिका उघडली होती? मी पाच जणांना विचारले. पाचही जण हसले.

आता रुतलेली गाडी ओढण्याविषयी. यावर मी सविस्तर लिहिणार आहे आणि तुम्ही ते समजून घ्याल अशी आशा आहे.

तळ टेकून चिखलात बसलेली गाडी काढायला तिच्या वजनाएवढा किंवा त्याहूनही जास्त जोर लागू शकतो. नायलॉनचा स्नॅच पट्टा साधारण 20 टक्के ताणला जातो आणि ओढणाऱ्या गाडीची सगळी गती त्या ताणात साठते. ती गती 10 किलोमीटर वेगावरून 20 वर नेली की साठणारी शक्ती दुप्पट होत नाही, चौपट होते. माझ्या गाडीच्या वेळी "अजून थोडी रेस दे" म्हणणाऱ्याला हे माहीत नव्हते. ती चौपट शक्ती पट्ट्याच्या दोन टोकांशी जे काही असेल त्याला उखडायला निघते. तिथे चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टने पक्का केलेला, ओढण्यासाठीच बनवलेला हुक असेल तर तो टिकतो. टो-बॉल ट्रेलर ओढायला असतो, असले झटके खायला नसतो. बंपरखाली जी कडी दिसते, ती बऱ्याच गाड्यांत जहाजावर किंवा ट्रकवर गाडी बांधून नेण्यासाठी असते. नवा माणूस तिलाच हुक समजतो. त्यात त्याचा काय दोष? दोन्ही लोखंडी, दोन्ही गोल.

मी तुमच्या मागच्या तीन सहलींत डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगते. दोन पट्टे मध्ये लोखंडी शॅकल, म्हणजे पिनने बंद होणारी जाड कडी, घालून जोडलेले होते. त्यातला एक तुटला असता तर ती शॅकल कुठे गेली असती, याचा विचार करा. दोन पट्टे जोडायचेच असतील तर एकाचा फास दुसऱ्यात ओवायचा आणि मध्ये कागदाची जाड गुंडाळी घालायची, म्हणजे फास आवळून बसत नाही. एका शॅकलवर वजनाचा आकडाच कोरलेला नव्हता, म्हणजे ती कशासाठी बनवली होती हे कोणालाच ठाऊक नव्हते. विंचची, म्हणजे गाडी ओढणाऱ्या मोटरच्या रहाटाची, तार ताणलेली असताना एक मुलगा तिच्यावरून उडी मारून पलीकडे गेला आणि कोणीही त्याला हटकले नाही. पट्ट्याच्या रेषेत, जेमतेम दहा पावलांवर, मोबाइल धरून सात-आठ माणसे उभी होती. लोकांनी पट्ट्याच्या लांबीच्या निदान दीडपट दूर आणि बाजूला उभे राहावे, हा नियम तुमच्या जुन्या पत्रकात होता. नव्यातून तो गेला आहे. तार किंवा पट्टा तुटला तर खाली पडावा म्हणून त्यावर जाड गोधडी किंवा वजनाची पिशवी टाकायची, ही ओळही गेली आहे. का काढली? जागा वाचवायला?

आणि पट्टा काढण्याआधी फावडे काढायला कोणी सांगतच नाही. चाकांपुढचा चिखल उपसून, चाकांखाली फळ्या टाकून, हवा आणखी कमी करून रुतलेल्या गाड्या अर्ध्या तासात आपल्या पायांनी बाहेर आलेल्या मी पाहिल्या आहेत. वाळूत तर चाक फिरू लागताच पाय उचलायचा, एवढे केले तरी उपसायचे निम्मे काम वाचते. पण उपसण्याचा व्हिडिओ कोणी पाहत नाही. चिखल उडवणाऱ्या चाकांचा पाहतात.

त्या "रेस दे"विषयीही बोलले पाहिजे. तुमच्या सहलींत अडथळ्याच्या कडेला जमलेली माणसे आणि कधीकधी मार्गदर्शकही हेच ओरडतात. हवेत भन्नाट फिरणारे चाक अचानक दगडाला धरते, तेव्हा तो सगळा झटका अ‍ॅक्सलवर आणि सीव्ही जॉइंटवर, म्हणजे चाकाला जोर पोचवणाऱ्या दांड्यावर आणि त्याच्या सांध्यावर, येतो आणि काहीतरी मोडते. मग पुढचे चार तास सगळा ताफा एका मोडक्या गाडीभोवती उभा राहतो, अंधार पडतो, आणि थकलेल्या माणसांना परतीची वाट दिव्यांच्या उजेडात कापावी लागते. अपघाताला याहून सोयीची वेळ नसते. "शक्य तितके सावकाश, गरज असेल तेवढेच वेगात" हे मला जुन्या जाणत्यांनी शिकवले. चालकाने एकाच आवाजाचे ऐकायचे, स्पॉटरच्या. स्पॉटर दिसेनासा झाला की गाडी थांबवायची. स्पॉटरने गाडी आणि दगड यांच्या मध्ये किंवा गाडीच्या उताराकडच्या बाजूला कधीही उभे राहायचे नाही. 12 गाड्यांना एक मार्गदर्शक दिलात तर तो स्पॉटर उरतच नाही. तो पुढे धावत राहतो आणि मागे जे कोणी असतील ते "डावीकडे घे", "अरे उजवीकडे" असे एकदम ओरडत राहतात.

एका चढावर एका वेळी एकच गाडी असावी, हेही याच कारणाने मोडले जाते. मागच्यांना घाई झालेली असते. पुढची गाडी घसरली तर ती कुठे येणार?

पाण्याबद्दल थोडक्यात. तुमच्या जाहिरातीतले चित्र पाण्याचे दोन पंख उडवत ओढ्यातून जाणाऱ्या गाडीचे आहे. ते काढून टाका, अशी माझी विनंती आहे. ओढा ओलांडताना चालत्या माणसाच्या वेगाने जायचे असते, म्हणजे पुढे लहानशी लाट तयार होते आणि इंजिनाशी पाणी कमी राहते. हवेच्या नळीतून पाणी इंजिनात गेले की पिस्टन ते दाबू शकत नाही आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा चावी फिरवायची नाही, हे नव्या माणसाला कोणीतरी आधी सांगावे लागते, कारण घाबरलेला माणूस पहिल्यांदा तेच करतो. वाहत्या पाण्याचे तर विचारूच नका. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा लोकांना बजावत असते, की 6 इंच वेगवान पाणी धडधाकट माणसाला पाडू शकते, 12 इंच पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकते आणि 2 फूट पाणी एसयूव्ही आणि ट्रकही नेऊ शकते. दोन फूट म्हणजे माझ्या गुडघ्याच्या थोडे वर. पाणी खोल आणि ओढीचे म्हणून जिथे पायी उतरायची हिंमत होत नाही तिथे गाडी घालायची नाही, एवढे तरी पत्रकात छापा.

माणसांच्या बाबतीत तुम्ही जी ढिलाई देता तिचे मला आश्चर्य वाटते. वेग कमी आहे म्हणून सीटचे पट्टे सोडलेले, मुले मागच्या सीटवर उभी, एखादा टपावर बसलेला. गाडी उलटायला वेग लागतच नाही. ती चालत्या माणसाच्या वेगाने, अगदी सावकाश कलंडते. तेव्हा आत मोकळा असलेला प्रत्येक जण आणि प्रत्येक वस्तू आतल्या आत फेकली जाते. मागे सुटा पडलेला जॅक, हत्यारांची पेटी, गॅसची टाकी हे सगळे त्यात आले. गाडी कलंडताना माणूस आधारासाठी खिडकीतून हात बाहेर काढतो किंवा टप धरतो आणि तो हात गाडीखाली येतो. हे एकदा समजावून सांगितले की कोणी विसरत नाही. पण सांगायला हवे ना.

जमिनीचा मुद्दा मी थोडक्यात मांडते, कारण तो तुम्हाला माझ्याइतकाच माहीत आहे. चिखलाची चाकोरी टाळायला बाजूच्या गवतातून गाड्या घातल्या की दरवर्षी वाट रुंदावत जाते. ओढा आडवा ओलांडायचा असतो, त्याच्या पात्रातून लांबच लांब गाडी पळवायची नसते. कोरड्या प्रदेशात मातीवर जी जिवंत खपली असते ती एका चाकाने मोडते आणि परत धरायला कित्येक वर्षे लागतात. वाटा बंद होतात त्या यामुळेच, आणि मग बेताने चालवणाऱ्यांनाही त्या मिळत नाहीत.

तुमची बाजू मला कळत नाही असे नाही. सराव सक्तीचा असला की नावे कमी येतात. जागा, माणसे, वेळ, सगळ्याचा खर्च असतो. काही लोक "आम्हाला येतं सगळं" म्हणून रागावतात, मैदानात आल्यावर तोंड पाडून बसतात. मी त्यांनाही शिकवले आहे. त्यातलेच काही आज उत्तम स्पॉटर आहेत. नव्या लोकांनी या वाटांवर यावे अशी माझीही मनापासून इच्छा आहे. ढगात शिरलेल्या वाटेवर, इंजिनाची संथ घरघर ऐकत, एकेक दगड पारखत पुढे जाण्यात जो आनंद आहे तो मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही. भाऊ आजही माझ्याबरोबर येतो, आणि आता प्रत्येक हुक तो स्वतः वाकून पाहतो.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

सराव पुन्हा सक्तीचा करा. पूर्वी केलेला असेल त्याला सूट द्या, पण पहिल्यांदा येणाऱ्याला नको. त्यात अर्धवट चढावरून मागे येणे, हवा काढणे आणि भरणे, आणि गाडी ओढायची रीत या तीन गोष्टी प्रत्येकाने स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या हाताने केल्याच पाहिजेत.

निघण्यापूर्वी प्रत्येक गाडीचे पुढचे आणि मागचे ओढण्याचे हुक तपासा आणि त्यांवर रंगीत फीत बांधा. ज्या गाडीला असे हुक नाहीत तिला अवघड वाटेवर नेऊ नका. आकडा नसलेली शॅकल, कापलेला पट्टा, तुटक्या धाग्यांची तार बाजूला काढा, मालक कितीही नाराज झाला तरी. टो-बॉलला पट्टा लावणाऱ्याला त्याच क्षणी थांबवण्याचा अधिकार सहलीतल्या प्रत्येक माणसाला द्या, अगदी मागे बसलेल्या मुलालाही.

एका मार्गदर्शकामागे 5 गाड्या हे प्रमाण परत आणा. ताफ्यात पुढे एक आणि सर्वांत मागे एक जाणता माणूस असू द्या, आणि दोघांकडे वायरलेस संच, प्रथमोपचाराची पेटी आणि ती वापरायचे शिक्षण असू द्या. मोबाइलला रेंज मिळेल या भरवशावर कोणालाही आत नेऊ नका.

सीटचा पट्टा बांधलेला नसेल तर गाडी हलणार नाही. टपावर माणूस बसणार नाही. वाहत्या पाण्यात कोणीतरी आधी पायी जाऊन खोली पाहिल्याशिवाय पहिली गाडी उतरणार नाही. आणि वाट सोडून गाडी घालणाऱ्याला पुढच्या सहलीला बोलावू नका.

शेवटची मागणी त्या पत्रकातल्या ठळक वाक्याबद्दल आहे. "अनुभव नसला तरी चालेल" हे राहू द्या. त्याच्या पुढे, तेवढ्याच ठळक अक्षरांत लिहा : "आम्ही आधी शिकवू."

या पत्राचे उत्तर तुम्ही सर्वांसमोर द्यावे, हो किंवा नाही, कारणांसह. तोपर्यंत मी तुमच्या कोणत्याही सहलीत स्पॉटर म्हणून येणार नाही, आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या तिघांनीही तेच ठरवले आहे. सराव परत सुरू केलात तर आम्ही चौघे दोन दिवस विनामोबदला शिकवायला येऊ. सोबत तो तुटलेला टो-बॉल आणीन. प्रत्येक चालकाने तो एकदा हातात धरून पाहावा आणि मगच गाडी सुरू करावी, एवढी व्यवस्था तुम्ही करा.

आपली,
नऊ वर्षे तुमच्या गाड्यांना वाट दाखवणारी एक स्पॉटर